घरकर्जाचा स्वस्त पैसा येतो कुठून आणि मोहल्ल्याच्या आधीच का अडतो?

घरासाठी कर्ज घ्यायचं ठरलं की आपल्याकडे पहिला प्रश्न दराचा असतो. नऊ टक्के की बारा? तो प्रश्न बरोबरच आहे. 10 लाखांचं कर्ज 20 वर्षांसाठी 9 टक्क्यांनी घेतलं तर महिन्याचा हप्ता साधारण 8,997 रुपये येतो. तेच 12 टक्क्यांनी घेतलं तर 11,011 रुपये. फरक महिन्याला दोन हजारांचा दिसतो, पण 240 हप्त्यांत तो पावणेपाच लाखांच्या वर जातो. एका मुलीचं डी.फार्मसीचं शिक्षण निघेल इतके पैसे.

त्याच्या मागचा दुसरा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. कर्ज देणारी बँक किंवा कंपनी स्वतः पैसा कुठून आणते? आपल्याला मिळणारा दर त्यावर बराच अवलंबून असतो. आणि या ठिकाणी सरकारच्या मदतीने स्वस्त पैसा पुरवणारी एक मोठी व्यवस्था काम करत असते. ग्राहकाला ती दिसत नाही, कारण ती ग्राहकाशी व्यवहार करत नाही, कर्ज देणाऱ्या संस्थेशी करते.

आधी अडचण समजून घेऊ. बँकेत आपण एक, दोन, फार तर पाच वर्षांची ठेव ठेवतो. घरकर्ज मात्र 15-20 वर्षांचं असतं. म्हणजे थोड्या मुदतीचा पैसा घेऊन लांब मुदतीला द्यायचा. मोठ्या बँकेला ते जमतं, कारण तिच्याकडे बचत खात्यांचा ओघ असतो. लहान गृहकर्ज कंपनीकडे बचत खातीच नसतात. ती दुसऱ्या बँकेकडून महाग पैसा उचलते, त्यावर आपला खर्च आणि नफा चढवते आणि मग पुढे देते. अशा वेळी वरून कुणी तरी लांब मुदतीचा, कमी दराचा पैसा दिला तरच लहान गावातल्या लहान कर्जदाराला परवडेल असा दर निघतो.

हे काम भारतात राष्ट्रीय आवास बँक करते. सातव्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी लक्षात आलं की लोकांना घरासाठी लांब मुदतीचं कर्ज देणारी पुरेशी व्यवस्थाच देशात नाही. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने स्वतंत्र बँकेची शिफारस केली, 1987 मध्ये कायदा झाला आणि 9 जुलै 1988 रोजी बँक सुरू झाली. आधी ती पूर्णपणे रिझर्व्ह बँकेच्या मालकीची होती, 2019 पासून केंद्र सरकारच्या मालकीची आहे. या बँकेच्या शाखेत जाऊन तुम्ही-आम्ही कर्ज मागू शकत नाही. ती बँकांना, गृहकर्ज कंपन्यांना, ग्रामीण बँकांना आणि अटींत बसणाऱ्या सहकारी बँकांना पैसा देते. याला रिफायनान्स म्हणतात, मराठीत पुनर्वित्त.

पुनर्वित्ताचं गणित साधं आहे. समजा, एका गृहकर्ज कंपनीने 500 कुटुंबांना घरकर्ज दिलं. ती त्या कर्जांची यादी राष्ट्रीय आवास बँकेकडे नेते. बँक यादी तपासते, कर्जं योजनेच्या अटींत बसतात का ते पाहते आणि त्या यादीच्या आधारे कंपनीला पैसा देते. कंपनीचा अडकलेला पैसा मोकळा होतो आणि ती पुढच्या कुटुंबांना कर्ज देऊ शकते. काही योजनांत दर बाजारापेक्षा कमी असतो, आणि मग अट असते की कंपनीने वर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त मार्जिन चढवायचं नाही. स्वस्त घेतलं तर स्वस्तच द्यायचं.

मात्र यात एक मेख आहे. कर्ज आधी द्यायचं, पैसा नंतर मिळायचा. आणि कर्जदाराने हप्ता थकवला तरी कंपनीला आवास बँकेचा हप्ता भरावाच लागतो. म्हणजे पैसा स्वस्त मिळाला, पण जोखीम कर्ज देणाऱ्याच्याच डोक्यावर राहिली. ज्या मोहल्ल्यात कर्ज द्यायचंच नाही असं शाखेने ठरवलंय, तिथलं एकही नाव त्या यादीत येणार नाही. वरून कितीही स्वस्त पैसा सोडला तरी तो त्या गल्लीत पोचणार नाही.

तुटीच्या पैशाची गोष्ट

आता हा सवलतीचा पैसा येतो कुठून, ते पाहू. आपल्या वाचकांनी हा भाग जरा सावकाश वाचावा.

रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की व्यापारी बँकांनी आपल्या एकूण कर्जाच्या 40 टक्के कर्ज अग्रक्रमाच्या क्षेत्रांना द्यायचं. शेती, लघुउद्योग, शिक्षण, लहान घरं वगैरे. त्यातही 12 टक्के दुर्बल घटकांना. दुर्बल घटकांच्या व्याख्येत अल्पभूधारक शेतकरी, कारागीर, अनुसूचित जाती-जमाती, बचत गट यांच्याबरोबर अधिसूचित अल्पसंख्याक समाजही येतात. म्हणजे मुस्लिम कुटुंबाला दिलेलं अग्रक्रमातलं कर्ज बँकेच्या या लक्ष्यात मोजलं जातं. ही मेहरबानी नाही, बँकेची स्वतःची गरज आहे.

घरकर्जही एका मर्यादेपर्यंत अग्रक्रमात येतं. एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या नियमांनुसार 10 लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावांत आणि शहरांत 35 लाखांपर्यंतचं कर्ज यात बसतं, घराची किंमत मात्र 44 लाखांच्या आत हवी. 10 ते 50 लाख लोकसंख्येच्या शहरांत ही कर्जमर्यादा 45 लाख आहे आणि त्याहून मोठ्या शहरांत 50 लाख. मालेगाव, परभणी, जालना, मिरज इथली बहुतेक घरं या चौकटीत आरामात बसतात.

बँकेने हे लक्ष्य गाठलं नाही तर? तर जेवढी तूट राहिली त्या प्रमाणात तिला पैसा काही ठरावीक निधींमध्ये ठेवावा लागतो आणि त्यावर कमी व्याज मिळतं. एक प्रकारे दंडच. यातला मोठा भाग नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत निधीत जातो, तो 1995-96 पासून चालू आहे. काही भाग राष्ट्रीय आवास बँकेकडे येतो. 2008-09 मध्ये त्यातून ग्रामीण गृहनिर्माण निधी उभा राहिला आणि 2018-19 मध्ये परवडणाऱ्या घरांसाठीचा निधी, सुरुवातीला 10,000 कोटींचा. बँकांना यावर कमी व्याज मिळतं, म्हणूनच आवास बँक तो पैसा पुढे कमी दराने देऊ शकते.

पैशाचा हा प्रवास लक्षात घ्या. जे कर्ज बँकेने दुर्बल घटकांना थेट द्यायला हवं होतं ते दिलं नाही, त्याची तूट झाली, तुटीचा पैसा निधीत गेला, निधीतून गृहकर्ज कंपनीकडे आला आणि कंपनीने तो कर्ज म्हणून वाटला. त्या तुटीत आपल्या वस्त्यांत न दिलेली कर्जंही असतात. तो पैसा फिरून पुन्हा आपल्याच वस्त्यांत आला तर हिशोब पूर्ण झाला म्हणता येईल. पण तो तिथे आलाच पाहिजे असं बंधन या व्यवस्थेत नाही. निधीची अट उत्पन्नगटाची आणि कर्जाच्या रकमेची असते, कुठल्या वस्तीत कर्ज गेलं याची नसते.

सच्चर समितीने नोव्हेंबर 2006 च्या अहवालात नोंदवलं होतं की काही बँकांनी मुस्लिमबहुल भाग नकारात्मक क्षेत्र म्हणून वेगळे काढले आहेत आणि तिथे कर्ज सहज मिळत नाही. महाराष्ट्रात डॉ. महमूदुर रहमान समितीनेही 2013 च्या अहवालात राज्यातल्या मुसलमानांचं मागासलेपण सविस्तर मांडलं. या अहवालांवर आपल्याकडे भाषणं खूप झाली. कागद पुढे करून बँकेत बसणारे मात्र कमीच.

अमेरिकेत काय करतात

पुनर्वित्ताची ही कल्पना आपली एकट्याची नाही. अमेरिकेत महामंदीच्या काळात, 1932 मध्ये, फेडरल होम लोन बँकांची स्थापना झाली. आज त्या 11 आहेत. गावोगावच्या लहान बँका आणि पतसंस्था त्यांच्या सभासद-मालक असतात आणि घरकर्जांच्या तारणावर तिथून पैसा उचलतात. 1989 च्या कायद्याने या बँकांवर दोन गोष्टी बंधनकारक झाल्या. एक, दरवर्षीच्या नफ्याचा किमान 10 टक्के भाग गरिबांच्या घरांसाठी अनुदान म्हणून द्यायचा. दुसरी, घरं आणि वस्तीविकासासाठी सभासदांना जवळपास मूळ खर्चाच्या दराने, म्हणजे नफा न लावता, पैसा द्यायचा. त्या पैशातून स्थानिक बँक घरांबरोबर दवाखान्याची इमारत, पाळणाघर, लहान दुकानं यांनाही कर्ज देऊ शकते.

पण तिथेही पैसा वरून सोडून काम भागलं नाही. 1930 च्या दशकात सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवले होते. काळ्यांच्या वस्त्या लाल रंगात, म्हणजे जोखमीच्या. त्या लाल रेषेच्या आत कर्ज मिळणं दशकानुदशकं मुश्कील होतं. शेवटी 1977 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. बँक ज्या भागातून ठेवी गोळा करते त्या भागातल्या कमी उत्पन्नाच्या लोकांना ती कर्ज देते की नाही, हे तेव्हापासून तपासलं जातं. स्वस्त पैसा वेगळा आणि तो कुठे जातो याची तपासणी वेगळी, हे त्यांना 45 वर्षांनी कळलं. आपल्याकडे पहिली गोष्ट आहे, दुसरी अर्धीच आहे.

कागदावर अडणारी घरं

सगळा दोष बँकेच्या मनातल्या लाल रेषेवर टाकून मोकळं होता येणार नाही. आपली घरं कागदावरच उभी नसतात, हेही तितकंच खरं. तीन प्रकार नेहमी दिसतात.

पहिला गुंठेवारीचा. शेतजमिनीचे तुकडे पाडून प्लॉट विकले जातात, तुकडेबंदीमुळे खरेदीखत नोंदवता येत नाही, म्हणून बॉण्डवर नोटरी करून व्यवहार होतो. त्यावर दोन खोल्या उभ्या राहतात, नळपट्टी-घरपट्टीही सुरू होते. पण बँकेच्या दृष्टीने मालक कोण? सातबाऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याचंच नाव. महाराष्ट्रात गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 मध्ये झाला आणि 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला तो लागू झाला. शुल्क भरून, नकाशा जोडून महापालिकेकडे किंवा नगरपालिकेकडे अर्ज करता येतो. कर्जाचा अर्ज करण्याआधी हा अर्ज करा. घरपट्टीची पावती ही मालकीचा पुरावा नाही, हे दहा वेळा सांगूनही पुन्हा सांगावं लागतं.

दुसरा प्रकार हिब्याचा. अब्बांनी हयातीत तोंडी हिबा करून घर मुलाच्या ताब्यात दिलं, चार लोक साक्षीला होते. शरियतच्या कायद्याने देणाऱ्याची घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि ताबा, या तीन गोष्टी झाल्या की हिबा पूर्ण होतो. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये हफीजा बीबी खटल्यात सांगितलं की असा हिबा नंतर कागदावर लिहिला म्हणून तो नोंदवलाच पाहिजे असं नाही. कोर्टात हे चालतं. बँकेचा वकील मात्र नोंदणी केलेला दस्त आणि त्यामागची मालकीची साखळी मागतो, कारण घर गहाण ठेवताना मूळ दस्तच ताब्यात घ्यायचा असतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्यापेक्षा नोंदणीकृत बक्षीसपत्र करावं. महाराष्ट्रात राहतं घर पती-पत्नी, मुलगा-मुलगी किंवा नातवंडांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये आहे, काही ठिकाणी स्थानिक अधिभार वेगळा लागतो. मग मिळकत पत्रिकेवर फेरफार करून घ्यावा. हिबाही शाबूत राहतो आणि कागदही होतो.

तिसरा प्रकार वारसांचा. आजोबांच्या नावावरचं घर, पाच भाऊ, तीन बहिणी, कुणाचीच नोंद नाही. एका भावाला वरचा मजला चढवायचा आहे आणि बँक सगळ्यांच्या सह्या मागते. मग धावपळ करून बहिणींकडून हक्कसोडपत्र घेतलं जातं. इथे थोडं कडू बोलते. बहिणीचा हिस्सा कुराणने ठरवून दिलेला आहे, आणि मजला चढवण्याच्या घाईत तो मिठाईच्या डब्यावर सोडून घेणं हे कुठल्याच कायद्यात शोभत नाही. हिस्सा द्या किंवा त्याची किंमत द्या, आणि मग सही घ्या.

वक्फच्या जमिनीवरच्या घरांचा मामला निराळा. ती जमीन गहाण ठेवता येत नाही, त्यामुळे तिथे घरकर्ज मिळणारच नाही. कुणी एजंट करून देतो म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका.

उत्पन्नाचा कागद हीही अडचण आहे. भिवंडीचा लूममालक, रिक्षावाला, बेकरी चालवणारा, कमाई असते पण पगारपत्रक नसतं. काही गृहकर्ज कंपन्या घरी-दुकानी येऊन उत्पन्नाचा अंदाज बांधतात आणि कर्ज देतात, पण दर बँकेपेक्षा तीन-चार टक्क्यांनी जास्त असणं नेहमीचं. दोन वर्षं आयकर विवरण भरलं, रोजची विक्री खात्यातून फिरवली तर त्याच माणसाला बँकेचं दार उघडतं.

सूट आणि सूद

पुनर्वित्त आणि अनुदान यांची गल्लत होते. पुनर्वित्त कर्ज देणाऱ्याला मिळतं, अनुदान तुमच्या कर्जखात्यात जमा होतं. सप्टेंबर 2024 पासून लागू असलेल्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) 2.0 मध्ये वर्षाला 9 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला व्याज अनुदान आहे. घर 35 लाखांच्या आत, कर्ज 25 लाखांच्या आत, आणि पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के सूट. पाच वार्षिक हप्त्यांत मिळून जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार. देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नसावं, ही मुख्य अट. याच योजनेत लहान घरकर्जांच्या हमी निधीची रक्कमही 1,000 वरून 3,000 कोटी करण्यात आली. वर म्हटलं ना, जोखीम कर्ज देणाऱ्याच्या डोक्यावर असते, तिचा काही भाग हा हमी निधी उचलतो. मोहल्ल्यासाठी माझ्या मते दरातल्या सवलतीपेक्षा ही हमी जास्त कामाची आहे, आणि तिच्याबद्दल शाखेत कुणी आपणहून सांगत नाही.

राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ 1994 पासून असंच वरून पैसा देतं आणि महाराष्ट्रात तो मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळामार्फत येतो. तो धंद्यासाठी आणि शिक्षणासाठी आहे, घरासाठी नाही. तिथेही वरचा पैसा उचलायला राज्य सरकारची हमी लागते. हमी नसली की जिल्हा कार्यालयात अर्ज पडून राहतात.

राहिला सूदचा प्रश्न. घरकर्ज जायज की नाजायज, हे सांगायला उलेमा आहेत, शाळेतल्या बाईने त्यात पडू नये. एवढंच नोंदवते की रिझर्व्ह बँकेच्या दीपक मोहंती समितीने 2015 मध्ये बँकांत व्याजमुक्त खिडक्यांची शिफारस केली होती, 2016 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत लोकमंगल सहकारी बँकेने तसा प्रयोगही सुरू केला. पण 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवलं. आपल्या बिनव्याजी सोसायट्या, बैतुलमाल आणि मोहल्ल्यातल्या बीसी राष्ट्रीय आवास बँकेच्या यादीत बसत नाहीत. म्हणजे ज्यांना मोहल्ला घरोघर माहीत आहे त्यांच्याकडे लांब मुदतीचा पैसा नाही, आणि ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना मोहल्ला माहीत नाही.

शाखेत गेल्यावर

अर्ज नेहमी लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी "इस एरिया में नहीं होता" ऐकून परत येऊ नका. कर्ज नाकारलं तर मुख्य कारण लेखी कळवणं बँकांवर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे. कारण कागदाचं असेल तर कागद पुरा करता येतो. कारणच दिलं नाही तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो, त्याला फी नाही. गृहकर्ज कंपनीबद्दलची तक्रार मात्र राष्ट्रीय आवास बँकेच्या 'ग्रिड्स' या पोर्टलवर करायची.

कंपनीला एक प्रश्न जरूर विचारा: हे कर्ज राष्ट्रीय आवास बँकेच्या परवडणाऱ्या घरांच्या निधीत बसतं का? बसत असेल तर दर कमी का होत नाही? कर्ज फिरत्या दराचं असेल तर आधी फेडल्याबद्दल वैयक्तिक कर्जदाराकडून दंड घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. दोन वर्षांनी कागद सुधारले की महाग कर्ज बँकेकडे हलवता येतं.

आणि जिल्ह्याच्या पातळीवर एक जागा आहे जिथे आपले लोक फारसे जात नाहीत. प्रत्येक जिल्ह्यात एक अग्रणी बँक असते आणि दर तिमाहीला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची आढावा बैठक होते. अल्पसंख्याकांना किती कर्ज गेलं हा विषय त्या आढाव्यात येतो. शाखानिहाय आकडे माहिती अधिकारात मागता येतात. दहा रुपये फी लागते आणि एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. तुमच्या नगरसेवकाला किंवा अंजुमनच्या सदर साहेबांना पुढच्या बैठकीआधी ते आकडे हातात द्या.